डॉलरचे सौदे करताना डोकं जाग्यावर कसं ठेवावं

ताण कमी करायचा असेल तर आधी लॉट मोजा, म्हणजे किती डॉलरचे सौदे अंगावर घेतलेत ते. श्वास, फिरणं, झोप हे सगळं पुढे येईलच. पण चलनाच्या सौद्यात ज्याची झोप उडालेली असते, त्याच्याकडे बहुतेक वेळा झेपेल त्याहून जास्त माल घेतलेला असतो. किती जास्त, हे त्याने रुपयांत कधी मांडलेलं नसतं.

मी लातूरच्या एमआयडीसीत घरच्याच डाळ मिलचा हिशेब आणि डॉलरचं काम बघते. तूर मोझांबिकची, उडीद म्यानमारचा, कधी मसूर कॅनडाची. भाव टनाला डॉलरमध्ये ठरतो, माल कित्येक आठवडे पाण्यावर असतो, आणि पैसे चुकते होईपर्यंत रुपया कुठे जाईल ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, डॉलर-रुपयाचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारे सौदे) घ्यायचे, कधी वाढवायचे, कधी कमी करायचे, हे रोजचं काम. जालन्यात स्टीलसाठी बाहेरून भंगार मागवणारे, वाळूजहून सुटे भाग परदेशी पाठवणारे, यांनाही हेच करावं लागतं. त्यांच्यासाठी लिहितेय. रात्री मोबाईलवर युरो-डॉलर खेळणाऱ्यांसाठीही थोडं लिहिते, आणि ते आधीच उरकते.

ज्या भीतीवर व्यायाम चालत नाही

माझा भाचा संभाजीनगरला कंपनीत आहे. एकदा म्हणाला, "मावशी, रात्री छातीत धडधडायलंय. झोपच येत नाही. तू रोज एवढे सौदे करतीस, तुला नाही होत का?" मी विचारलं, कशावर करायलास? त्याने एक परदेशी ॲप दाखवलं. पैसे कुणाच्या तरी यूपीआयवर टाकायचे आणि परत मागितले की "व्हेरिफिकेशन चालू आहे".

अशा धडधडीवर प्राणायाम सांगणारी मी नव्हे. १९९९ च्या फेमा (परकीय चलन व्यवस्थापन) कायद्यानुसार भारतात राहणाऱ्याने परकीय चलनाचे व्यवहार अधिकृत संस्थांशी आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करायचे असतात. इलेक्ट्रॉनिक सौदे करायचे तर रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या प्लॅटफॉर्मवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारांत. परदेशी ब्रोकरकडे मार्जिन म्हणून, म्हणजे सौद्यासाठीची आगाऊ अनामत म्हणून, पैसे पाठवायला मुभाच नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये ३४ नावांची सावधगिरीची यादी काढली आणि नंतर ती वाढत गेली. एखादं नाव यादीत नाही म्हणून ते मान्य झालं असं समजू नका, हेही बँकेनेच म्हटलंय.

एनएसईवर करायचं तरी २०२४ पासून नियम कडक झालेत. जानेवारीत परिपत्रक आलं आणि ३ मेपासून लागू झालं. दहा कोटी डॉलरपर्यंतच्या पोझिशनला (उभ्या सौद्यांना) कागद दाखवावे लागत नाहीत, पण चलनाची खरी जोखीम, म्हणजे आयात, निर्यात, कर्ज असं काहीतरी तुमच्याकडे असलंच पाहिजे. नुसत्या अंदाजावर डॉलर-रुपया खेळायची सोय त्यात नाही. भाच्याला मी एवढंच सांगितलं: निघतील तेवढे पैसे काढ, आणि निघत नसले तर ते काढून देतो म्हणणाऱ्याला आणखी पैसे देऊ नकोस. दुसरी फसवणूक तिथूनच सुरू होते. सायबर तक्रारीचा १९३० नंबरही दिला.

लॉटचे रुपये करा, रुपयांचे क्विंटल करा

डॉलर-रुपयाचा एक लॉट एक हजार डॉलरचा. भाव पाव पैशाच्या टप्प्याने हलतो, म्हणजे एका टप्प्याला लॉटमागे अडीच रुपये. हे ऐकायला इतकं किरकोळ वाटतं की माणूस पन्नास लॉट सहज घेतो. मार्जिनही किमतीच्या मानाने थोडंच लागतं. मग ४० पैसे विरुद्ध गेले की वीस हजार गेले, आणि ४० पैसे म्हणजे फार मोठी हालचाल नव्हे.

मी काय करते ते सांगते. तुरीचा कंटेनर साधारण २५ टनांचा धरा आणि भाव टनाला ८०० डॉलर धरा. झाले वीस हजार डॉलर, म्हणजे वीस लॉट. आठ कंटेनर पाण्यावर असले की १६० लॉटची जोखीम आपल्या डोक्यावर. रुपया एक रुपयाने घसरला की एक लाख साठ हजारांचा फरक. आता हा आकडा सोयाबीनमध्ये करा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे तीस क्विंटल सोयाबीन, कोरडवाहू रानात चार-पाच एकरांचं पीक. (तो हमीभाव अडतीत मिळतो का, हा वेगळा विषय. त्यावर आमच्याकडे ताण घेणारे पुष्कळ आहेत.)

क्विंटल केले की पोटात कळतं. स्क्रीनवरचा लाल आकडा कळत नाही, त्याची सवय होते. प्रत्येक सौद्याआधी कागदावर एक ओळ लिहा: "एक रुपया विरुद्ध गेला तर इतके रुपये, म्हणजे इतके क्विंटल." ती ओळ घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवता येत नसेल, तर लॉट कमी करा. वाचता येईल इतक्यावर या आणि मगच ऑर्डर टाका.

दोन वह्या

आता खरी मेख. आयातदाराच्या डोक्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो तोट्याने नव्हे, दोन हिशेब एकत्र झाल्याने.

समजा मी १६० लॉट ८६.५० ला घेतले आणि डॉलर ८५.५० ला आला. फ्युचर्समध्ये एक लाख साठ हजारांचा तोटा. पण तीच तूर मला आता जवळपास तेवढ्यानेच स्वस्त पडणार आहे. एका हाताने दिलं ते दुसऱ्या हाताने मिळालं. हे सगळ्यांना पाठ असतं. तरी तोटा दिसला की मालक येरझारा घालायला लागतो, "कशाला घेतले गं, थांबलो असतो तर" असं सुरू होतं, आणि संध्याकाळपर्यंत चांगलं कव्हर (भाव बांधून ठेवणारे हे सौदे) सोडून दिलं जातं. दुसऱ्या दिवशी डॉलर फिरला की मग दुहेरी मार.

म्हणून वह्या दोन. पहिलीत फक्त जहाजं: कोणता माल, किती डॉलर, पैसे कधी द्यायचे, त्यातलं किती कव्हर केलं. तिच्यात नफा-तोट्याचा रकानाच नाही. डाळीचा भाव काढताना जो डॉलर धरला होता तो एका बाजूला, आणि कव्हर कितीला मिळालं ते दुसऱ्या बाजूला. धरलेल्या भावात काम झालं असेल, तर डॉलर नंतर कुठे का जाईना, ते पान मिटलं. दुसऱ्या वहीत माझं स्वतःचं मत. एकूण जोखमीच्या चाळीस टक्क्यांवर थांबायचं की ऐंशीपर्यंत जायचं, आज घ्यायचं की परवा, ही मोकळीक तिच्यात. चूक-बरोबर तिथे मोजा. मताची वही चुकली म्हणून जहाजाच्या वहीला हात लावायचा नाही.

एक गोष्ट मात्र दोन वह्या करूनही सुटत नाही, आणि ती कुणी आधी सांगत नाही. फ्युचर्सचा तोटा रोज रोख कापला जातो. जहाजावरचा फायदा मात्र माल येऊन बँकेचं बिल भरलं की दिसतो. मधले कित्येक आठवडे खिशातून पैसा जात राहतो. कागदोपत्री तोटा शून्य आणि खात्यात खडखडाट. ब्रोकरचा मार्जिनसाठी फोन नेमका हमालांच्या पगाराच्या दिवशी येतो. यावर उपाय धीर धरणं हा नाही. सौदा घेतानाच दोन रुपयांच्या हालचालीएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. १६० लॉट असतील तर तीन लाख वीस हजार. ती मिलच्या कामाला वापरायची नाही, तुरीचा भाव पडलाय म्हणून तर मुळीच नाही. एवढे बाजूला काढता येत नसतील तर बँकेकडून फॉरवर्ड घ्या, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव थेट बँकेशीच ठरवून टाका. भाव थोडा जास्त पडेल, पण तिथे रोजची अशी रोख कापाकापी सहसा नसते. आमच्याकडे कित्येकांना फॉरवर्डमध्ये कमीपणा वाटतो. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही.

घड्याळ

चलनाचा बाजार सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आठ तास स्क्रीनकडे बघणं हे काम नव्हे, ती शिक्षा आहे. मी भाव बघायच्या वेळा ठरवल्यात. पावणेनऊला कच्चं तेल, डॉलर इंडेक्स (इतर मोठ्या चलनांपुढे डॉलर किती मजबूत ते) आणि आशियातली चलनं. बाजार उघडल्यावर पंधरा-वीस मिनिटं काही करायचं नाही, रात्रभरात बाहेर जे झालं ते पचू द्यायचं. दुपारी एकदा. डॉलरचा त्या दिवसाचा अधिकृत संदर्भ दर दीडच्या सुमारास जाहीर होतो, तो जहाजाच्या वहीत टिपायचा. आणि चार वाजता शेवटचा निर्णय. मधल्या वेळेत काय? मिलमध्ये कामाला तोटा आहे का? पोती मोजा.

मधल्या वेळेत काही झालं तर, ही भीती राहतेच. तिच्यासाठी ऑर्डर आधी लावून ठेवायची. स्टॉप-लॉस (अमुक तोटा झाला की सौदा कापायचा तो भाव) मनात ठेवणारा माणूस दिवसभर स्वतःशीच वाद घालत बसतो, म्हणून तो सिस्टीममध्ये टाका. लातुरात लाईट जाते, उन्हाळ्यात तर हमखास, आणि नेटही जातं. ब्रोकरच्या डीलिंगचा फोन नंबर कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. मोबाईलची बॅटरी संपली की मोबाईलमधला नंबरही गेला. आणि ऑर्डर शक्यतो लिमिटचीच, म्हणजे आपण सांगितलेल्या भावाचीच. मे २०२४ नंतर बाजारातली उलाढाल खूप घटली, दूरच्या महिन्यात समोर गिऱ्हाईक मिळत नाही. मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकून भलत्याच भावात सौदा झाला की पुढचे दोन तास चिडचिड ठरलेली.

मुदत संपायच्या दिवशी त्या महिन्याचे सौदे दुपारी साडेबारालाच थांबतात. त्या दिवशी नवीन काही नाही. पुढच्या महिन्यात न्यायचं ते आदल्या दिवसापर्यंत नेऊन ठेवा.

आता रात्र. अमेरिकेतले नोकऱ्यांचे आणि महागाईचे आकडे आपल्या संध्याकाळी सहाला येतात, हिवाळ्यात सातला. तिथल्या फेडरल रिझर्व्हचा व्याजदराचा निर्णय रात्री साडेअकराला, हिवाळ्यात साडेबाराला. आपला बाजार तोवर बंद. रात्री बघून करणार काय? सकाळी नऊपर्यंत काहीच करता येत नाही, फक्त झोप जाते. म्हणून निर्णय चारला. आज रात्री मोठी बातमी आहे, तर ती कोणत्याही बाजूला गेली तरी चालेल इतक्याच लॉटवर पाच वाजवायचे. स्टॉप-लॉस इथे उपयोगाला येत नाही, सकाळी बाजार उघडतो तोच पलीकडे उघडतो. फारच धाकधूक वाटत असेल तर जवळच्या महिन्याचा कॉल ऑप्शन (ठरलेल्या भावात डॉलर घ्यायचा हक्क) घ्या. त्यासाठी दिलेला प्रीमियम गेला तर गेला, जास्तीत जास्त किती जाणार ते आधी माहीत असतं. त्या प्रीमियमला मी झोपेचा खर्च म्हणून वेगळं लिहिते. आमच्या सीएला तो रकाना अजून पटलेला नाही.

पळापळीचे दिवस, आणि सुस्त वर्षं

२०१३ आठवून बघा. मे महिन्यात ५५-५६ वर असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्याही वर गेला. किंवा अलीकडचं घ्या. १० फेब्रुवारी २०२५ ला डॉलर जवळपास ८८ ला टेकला. बाजारात एकच गलका, आता नव्वद पक्का. दुसऱ्याच दिवशी रुपया सावरला आणि बंद होताना डॉलर ८७ च्या खाली होता. आदल्या दिवशी घाबरून सगळं एकदम घेणाऱ्यांचं तोंड बघण्यासारखं होतं. अशा दिवसासाठी नियम एकच: ठरलेल्या कव्हरचे चार भाग करा आणि चार वेगवेगळ्या दिवशी घ्या. भाव चुकला तरी पाव हिश्शावर चुकतो, आणि हात थरथरत नाही.

पण ताण फक्त पळापळीचाच असतो असं नाही. २०२३ चं आख्खं वर्ष डॉलर ८१ ते साडेत्र्याऐंशीच्या पट्ट्यात लोळत होता. तेव्हा कंटाळ्याचा ताण. काहीच होत नाही म्हणून माणूस लॉट वाढवतो, दोन पैशांसाठी दहादा आत-बाहेर करतो, आणि ब्रोकरेज भरून घरी जातो. सुस्त बाजारात स्क्रीन बंद ठेवायला जास्त धाडस लागतं, असं माझं मत आहे.

शरीर

लंडनमधल्या ट्रेडरांच्या लाळेचे नमुने घेऊन जॉन कोट्स आणि जो हर्बर्ट यांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ताणाचं संप्रेरक म्हणजे कॉर्टिसोल. ते तोट्यापेक्षा अनिश्चिततेबरोबर वाढलेलं दिसलं: निकाल जितका वर-खाली, बाजार जितका अस्थिर, तितकं ते जास्त. ट्रेडर मोजकेच होते, पण मला ते पटतं. तोटा झाला, पान मिटलं, की झोप येते. झोप जाते ती काय होईल ते न ठरलेल्या सौद्याने.

दिवसभरात धडधड वाढलीच तर करायचं ते साधं आहे. स्क्रीनकडे पाठ करा, नाकाने श्वास घ्या आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहा, चार-पाच मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. तोवर माऊसला हात नाही. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या ऑफिसात दुपारी दोन ते चार या वेळात मोठा निर्णय घेऊच नका. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो, पाणी प्यायचं राहून जातं आणि चीड बाजारावर निघते. दुपारी भाकरी-कालवण पोटभर, पण ते स्क्रीनसमोर नाही. चहा चारनंतर बंद. आणि छातीत दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, घाम फुटला, तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन बसू नका. सरळ दवाखाना गाठा, सौदे नंतर बघता येतील.

घर आणि गंजगोलाई

आमच्याकडे नियम आहे: डॉलरबद्दल साडेपाचच्या आधी कुणी विचारायचं नाही. पूर्वी हे दर तासाला मिलमधून फोन करायचे, "काय म्हणतोय?" तो म्हणणार काय? मी सकाळी एका चिठ्ठीवर आजचा जास्तीत जास्त तोटा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवते. त्या आकड्याच्या आत काहीही झालं तरी विचारणं नाही, आणि आकडा ओलांडायच्या बेतात आला तर फोन मीच करते. आत्याबाई अजून विचारतात, "सूनबाई, आज डॉलर हसलाय का रुसलाय?" त्यांना चालतं, त्यांना उत्तर नकोच असतं.

लातूरच्या गंजगोलाई पेठेतल्या आणि अडत बाजारातल्या बातम्यांना चारनंतरच कान द्या. "मुंबईच्या पार्टीने सगळे डॉलर उचललेत" हे वाक्य मी दर हंगामात ऐकते, ती पार्टी काही अजून भेटलेली नाही. टिप देणाऱ्या ग्रुपांमधून बाहेर पडा. तेवढ्याने अर्धी कटकट जाते.

लपवाछपवी सुरू झाली की मात्र प्रकरण सवयींच्या पलीकडे गेलं. मार्जिनसाठी हातउसने घेणं, सोनं गहाण ठेवून घरात न सांगणं, तोटा भरून काढायला लॉट दुप्पट करणं, रात्र-रात्र जागणं. यातलं एक जरी दिसलं तर कव्हरचं काम काही दिवस दुसऱ्याकडे किंवा बँकेच्या फॉरवर्डकडे सोपवा आणि घरात आकडा सांगा, पूर्ण आकडा. जगण्याबद्दल वाईट विचार येत असतील तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही मनोविकाराची ओपीडी असते. आपल्याकडे कर्जाच्या आकड्याने माणसं गेलेली आपण बघितलीत, म्हणून हे आडपडदा न ठेवता लिहिलं.

सुट्ट्या

शेवटचं आणि छोटं. चलन बाजार सुट्टीला बंद असतो, जग चालू असतं. जोडून तीन दिवस सुट्टी आली की आदल्या दिवशी मताच्या वहीतले लॉट निम्मे करा. उलटंही होतं. येळवशीला (वेळ अमावस्येला) आख्खं लातूर रानात असतं आणि एनएसई चालू. त्या दिवशी आंबील पिताना एका हातात मोबाईल धरून बसलेले लोक मी पाहिलेत. आदल्या दिवशी चारला स्टॉप-लॉस पुढच्या दिवसासाठी कसा राहील ते ब्रोकरला विचारून घ्या, कारण रोजच्या ऑर्डरी संध्याकाळी रद्द होतात. सकाळी नऊला दोन मिनिटं घ्या, ऑर्डर पुन्हा लावा, आणि मोबाईल गाडीत ठेवून भज्जी वाढायला लागा.